वाट द्या, पण लिहून द्या

प्रति,
मा. संपादक,
सांगली

महोदय,

२०२४-२५ च्या गळीत हंगामात, जानेवारी महिन्यात, आमच्या शिवारात तोडणीची टोळी आली, तोडणीची नोंद ठेवणारा कारखान्याचा चिटबॉय वही घेऊन बांधावर उभा राहिला आणि दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वाटेच्या तोंडाशी येऊन थांबला, तो तिथेच. वाटेवर आदल्या संध्याकाळी जेसीबीने कमरेइतकी खोल चर मारलेली होती. ऊस माझा होता आणि वाट शेजाऱ्याच्या गटातून जाणारी होती. मुकादमाने तासभर वाट पाहिली, मग टोळी पलीकडच्या फडात नेली, आणि आमची पाळी पुन्हा लागेपर्यंत पाच आठवडे गेले. तोवर उसाला तुरा येऊन दशी पडू लागली होती, म्हणजे ऊस आतून पोकळ होऊ लागला होता. वजनात किती घट आली हे सांगत बसत नाही, कारण हे पत्र त्या नुकसानीची दाद मागण्यासाठी लिहिलेले नाही.

शेजाऱ्याला मी त्याच दिवशी भेटलो. तो माझ्यापेक्षा वयाने बराच लहान आहे आणि आमच्या दोन घरांत आजवर कधी कटुता आलेली नाही. तो म्हणाला, "अण्णा, तुमच्याशी माझं काय वाकडं न्हाई. पण वीस वर्षं भरली की वाट कायमची जाती म्हणत्यात. औंदा वीस भरत्यात, म्हणून आधीच चर मारून घेतली." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, खरी भीती होती. २००५ च्या महापुरात ओढ्याकाठची आमची जुनी वाट खचून वाहून गेली, तेव्हा त्याच्या वडिलांनी आपणहून माझ्या वडिलांना सांगितले होते की, पाण्याने तुमची वाट नेली तर माझ्या बांधाच्या कडेने गाडी न्या. कागद झाला नाही. तसा तो त्या काळी कोणीच करत नसे. आज दोघेही वडील हयात नाहीत, आणि त्यांच्यातला तो शब्द नेमका काय होता, हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

मी २९ वर्षे या जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयांत बेलीफ म्हणून नोकरी केली. न्यायालयाचा हुकूम हातात घेऊन दुसऱ्याच्या दारात, रानात आणि दुकानात जाणे हेच माझे काम होते. असे असूनही माझ्या स्वतःच्या वाटेचा कागद मी केला नाही याची मला मनापासून खंत आहे. शेजाऱ्याला जी भीती वाटली ती आपल्या दोन्ही जिल्ह्यांत, सांगलीत आणि साताऱ्यात, गावोगाव पसरलेली आहे, आणि तिच्यामुळे दर हंगामात चांगल्या मनाची माणसे एकमेकांच्या वाटा अडवीत आहेत. ही भीती कायद्याच्या अर्ध्या माहितीतून आली आहे. उरलेली अर्धी माहिती वाचकांपर्यंत पोहोचावी, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

आधी वीस वर्षांविषयी. १८८२ चा सुविधाधिकार कायदा, ज्याला आपण इझमेंट अ‍ॅक्ट म्हणतो, त्याच्या कलम १५ मध्ये वीस वर्षांची मुदत खरोखरच आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याचा वापर जर वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून झाला, तर तो वापर कायमचा हक्क बनतो. जमीन सरकारी असेल तर हीच मुदत तीस वर्षांची आहे. गावातल्या पारावर या वाक्यातले "वीस वर्षे" तेवढे ऐकू येते आणि "हक्क म्हणून" हे दोन शब्द गळून पडतात. सगळे मर्म त्या दोन शब्दांत आहे. मालकाला विचारून, त्याच्या मर्जीने जो वापर होतो, तो हक्क म्हणून झालेला वापर नव्हे. त्याच कलमाच्या पहिल्याच स्पष्टीकरणात सांगितले आहे की, मालकाशी झालेल्या करारानुसार वापर होत असेल आणि हा कायमचा सुविधाधिकार म्हणून दिलेला नाही असे त्या करारावरून दिसत असेल, तर तो काळ मुदतीत धरला जात नाही. म्हणजे मालकाने "मी तुम्हाला माझ्या मर्जीने जाऊ देत आहे" असे लिहून दिले आणि समोरच्याने त्यावर सही केली, तर वीस काय, चाळीस वर्षे गाड्या गेल्या तरी त्या परवानगीतून वाटेचा हक्क निर्माण होत नाही. ज्या कागदाला आपला शेतकरी घाबरतो तोच कागद त्याची जमीन राखतो. धोका असतो तो कोणी काही न बोलता, न विचारता, न लिहिता चालू राहिलेल्या वापरात.

चर मारल्याने वीस वर्षे तुटतात ही समजूतही अर्धवटच आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या स्पष्टीकरणाप्रमाणे अडथळा झाला म्हणजे लगेच खंड पडला असे होत नाही. तो अडथळा वापरणाऱ्याला कळल्यानंतर त्याने तो वर्षभर निमूटपणे मान्य केला, तरच त्याला खंड म्हणतात. एका रात्रीत जेसीबी लावून शेजाऱ्याने जे मिळवले असे त्याला वाटले, ते कायद्याने त्याला मिळालेलेच नव्हते, आणि माझा ऊस मात्र उभा राहिला.

अशा मर्जीने दिलेल्या वाटेला कायद्यात लायसन्स म्हणतात. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, कारण सांगली-मिरजेत खोली भाड्याने देताना आपण "लीव्ह अँड लायसन्स" चा करार करतो. पुष्कळांना त्यातला पहिला शब्द "लिव्ह", म्हणजे राहण्याशी संबंधित, आहे असे वाटते, करारांवरही तो तसा चुकीचा लिहिलेला मी पाहिला आहे. वास्तविक तिथे लीव्ह म्हणजे मुभा, परवानगी. कलम ५२ मधली व्याख्या सोप्या शब्दांत सांगायची तर, जे कृत्य परवानगी नसती तर बेकायदा ठरले असते, ते दुसऱ्याच्या जमिनीवर करण्याची मुभा म्हणजे लायसन्स. जमिनीत त्याने कसलाही हिस्सा किंवा हितसंबंध निर्माण होत नाही. ते तोंडी देता येते, वागण्यातूनही दिल्यासारखे होते, आणि सर्वसाधारणपणे देणाऱ्याला ते परतही घेता येते.

परत घेण्यालाही कायद्याने माणुसकीची मर्यादा घातली आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. कलम ६३ प्रमाणे परवानगी काढून घेतली तरी ज्याला ती दिली होती त्याला निघून जाण्यासाठी आणि आपली चीजवस्तू हलवण्यासाठी वाजवी मुदत मिळाली पाहिजे. उभ्या उसाच्या बाबतीत वाजवी मुदत म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. वाट बंद करायचीच असेल तर तोडणी झाल्यावर, पुढची लागण होण्याआधी, लेखी कळवून ती बंद करावी. आदल्या संध्याकाळी चर मारणे हे या कलमात बसत नाही.

आता दुसऱ्या बाजूविषयी, कारण ही गोष्ट केवळ वाट देणाऱ्याच्या भल्याची नाही. वाट घेणाऱ्यानेही कागदावर सही करताना डोळे उघडे ठेवावेत. जी वाट मुळातच त्याच्या हक्काची आहे, तिच्यासाठी परवानगीचा कागद करून घेणे म्हणजे आपलाच हक्क सोडून देणे ठरू शकते. गावच्या नकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल काढून तो आधी पाहावा. भावाभावांत वाटण्या होऊन मागचा तुकडा ज्याच्या वाट्याला आला आणि त्याला पुढच्या तुकड्यातून गेल्याशिवाय दुसरी वाटच नाही, त्याला कलम १३ प्रमाणे गरजेचा हक्क मिळतो. तिथे सख्ख्या भावाकडे परवानगी मागण्याचे कारण नाही. वाटणीपत्रातच वाट लिहून घ्यावी. वाटणीपत्रात आंब्याचे झाड, विहिरीची पाळी आणि गोठ्याची भिंत बारकाईने लिहिलेली असते, वाट तेवढी राहून जाते, आणि पुढच्या पिढीत तीच भांडणाला कारण होते. माझ्याकडे बजावणीला आलेले कितीतरी मनाई हुकूम अशा सख्ख्या चुलतभावांमधले होते. परवानगीचा कागद करायचा तो जिथे खरोखर मर्जीची गोष्ट आहे तिथे, जशी ती माझ्या बाबतीत होती.

जमीन विकली गेली तर काय, हा प्रश्न अलीकडे सगळीकडे उभा राहत आहे. कलम ५९ प्रमाणे, देणाऱ्याने जमीन दुसऱ्याला विकली की केवळ त्या लायसन्समुळे नवा मालक बांधला जात नाही. वडिलांच्या शब्दावर ज्यांची गाडी चालते, त्यांनी हे लक्षात ठेवावे आणि शेजारची जमीन विक्रीला निघाल्याचे कळताच बोलणी करावीत, कुंपण पडेपर्यंत थांबू नये.

वाटेच्या या प्रश्नाला एक फौजदारी बाजूही आहे आणि तिच्याविषयी तर फारच गोंधळ आहे. "परवानगीशिवाय आत येणाऱ्यावर कायदेशीर कारवाई केली जाईल" असे फलक द्राक्षबागांच्या आणि फार्म हाऊसच्या फाटकांवर दिसतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये या गुन्ह्याला फौजदारीपात्र अतिक्रमण म्हटले आहे. आपल्याकडे अतिक्रमण म्हटले की बांध कोरणे किंवा गायरानात घर बांधणे एवढेच डोळ्यांपुढे येते, म्हणून हा शब्द ऐकणाऱ्याची सुरुवातीलाच दिशाभूल होते. या कलमाप्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातल्या मालमत्तेत गुन्हा करण्याच्या किंवा ताबेदाराला धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या किंवा त्याला त्रास देण्याच्या उद्देशाने प्रवेश करणे, अथवा रीतसर आत येऊन मग त्याच उद्देशाने बेकायदा तिथेच ठाण मांडणे, हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि राहत्या घरात असे शिरल्यास कैद एक वर्षापर्यंत. 

या व्याख्येत "उद्देशाने" हा शब्द भार वाहणारा आहे. माथ्री विरुद्ध पंजाब राज्य या १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आपल्या जाण्याने ताबेदाराला त्रास होईल हे ठाऊक असणे पुरेसे नाही. त्रास देणे हाच प्रवेशाचा हेतू होता हे सिद्ध झाले पाहिजे. त्यामुळे फलक वाचूनही कोणी केवळ जवळची वाट म्हणून बागेतून चालत गेला, तर ते चूकच आहे आणि मालक त्याबद्दल दिवाणी न्यायालयात मनाई आणि भरपाई मागू शकतो, पण प्रत्येक वेळी तो गुन्हा होईलच असे नाही. हे न समजल्यामुळे लोक ठाण्यात जातात, ठाण्यात त्यांना "ही दिवाणी बाब आहे" असे सांगितले जाते आणि आपल्याला कायदा वाऱ्यावर सोडतो अशी भावना घेऊन ते परततात. उलट, जिथे खरोखर धमकावण्यासाठी माणसे घेऊन कोणी रानात उतरले, तिथे हा गुन्हा दखलपात्र आहे. तो जामीनपात्र आणि तडजोडयोग्य असला तरी त्याची फिर्याद घेणे हे पोलिसांचे काम आहे, आणि दिवाणी बाब म्हणून फिर्यादीला परत पाठवणे योग्य नाही.

"दुसऱ्याच्या ताब्यातल्या" हेही शब्द ध्यानात घेण्यासारखे आहेत. हा कायदा मालकी पाहत नाही, ताबा पाहतो. खोली भाड्याने दिली की तिचा उंबरा भाडेकरूचा होतो. आपल्याकडे शिकायला आलेल्या मुलींच्या खोल्यांत घरमालक दुसरी किल्ली लावून "जरा बघून जातो" म्हणून शिरतात, आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटतही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २८ प्रमाणे मालकाला जागा पाहण्याचा अधिकार जरूर आहे, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. घर माझे आहे, हे उत्तर पुरेसे नाही.

या संदर्भात माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जंगम जप्तीचा, म्हणजे कर्जदाराच्या घरातल्या वस्तू जप्त करण्याचा, हुकूम घेऊन आम्ही जात असू, तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६२ आमच्या पाठीवर असे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात पाऊल टाकायचे नाही. घर ऋणकोच्या ताब्यात असून तो आत येऊ देत नसेल तरच बाहेरचे दार तोडायचे, एरवी नाही. आणि रीतीप्रमाणे लोकांसमोर न येणारी बाई खोलीत असेल तर तिला आधी सांगायचे, बाहेर पडायला वेळ आणि मोकळीक द्यायची, मगच आत जायचे. एका हिवाळ्यात मिरजेकडच्या एका जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजापाशी मी, दोन पंच आणि धनकोचा माणूस पहाटेपासून उजाडण्याची वाट पाहत उभे होतो. दिंडीला आतून अडसर होता. उजाडल्यावर एका म्हाताऱ्या आजींनी तो काढला, आणि मी वॉरंट दाखवून विचारले, "आजी, आत येऊ का?" धनकोचा माणूस चिडला, हुकूम असताना विचारता कशाला म्हणाला. त्या आजींनी पदर सावरला, ओसरीवरचे जाते भिंतीकडे सरकवले, खाली सतरंजी टाकली आणि म्हणाल्या, "या. मोजा काय मोजायचं ते." पितळी हंडे, तांब्याचा बंब, एक शिलाई यंत्र, एवढे निघाले. शिलाई यंत्र सूनबाईंच्या पोटापाण्याचे साधन म्हणून आम्ही जप्तीतून वगळले. न्यायालयाचा हुकूम असलेल्या माणसालाही कायद्याने एवढे बांधून ठेवले आहे. हुकूम नसलेल्या आपण माणसांनी दुसऱ्याच्या उंबऱ्याशी आणि बांधाशी किती जपून वागावे, याचे मोजमाप मी कायम त्या दिंडी दरवाजावरून केले.

वाट अडवली गेलीच तर दाद कुठे मागायची, हेही थोडक्यात सांगतो. पूर्वापार किंवा चालू वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे तहसीलदारांकडे दावा करता येतो आणि ते अडथळा दूर करण्याचा हुकूम देऊ शकतात. मात्र हा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ही मुदत मी मुद्दाम ठळकपणे सांगत आहे, कारण आपल्याकडे आधी भावकीची बैठक होते, मग गावातल्या चार जाणत्यांची, मग यात्रेनंतर बघू असे ठरते, आणि सहा महिने कधी उलटले ते कळत नाही. बैठका जरूर कराव्यात, पण दावा दाखल करून कराव्यात. ज्याला आधीचा रस्ताच नाही आणि नव्याने हवा आहे, त्याच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. त्याखाली तहसीलदार शेतकऱ्याची गरज पाहून बांधावरून रस्ता देऊ शकतात, आणि तो निर्णय मान्य नसणाऱ्याला वर्षभरात दिवाणी दावा करता येतो. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शासन निर्णय काढून शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घ्यावी असे ठरवले आहे. यंत्राने शेती होऊ लागल्यावर बैलगाडीच्या मापाची वाट पुरत नाही, हे सरकारी कागदावर आले याचे मला समाधान आहे. आपल्या वाटेची नोंद झाली आहे का, हे प्रत्येकाने सातबारा काढून पाहावे.

एक गोष्ट मात्र कोणी करू नये. कुऱ्हाडी-काठ्या घेऊन स्वतः चर बुजवायला किंवा कुंपण उपटायला जाऊ नये. मालमत्तेच्या बचावाचा हक्क न्याय संहितेत आहे, पण सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल तिथे तो हक्क उरत नाही. रात्री मारलेली चर सकाळी तहसीलदारांना दाखवता येते. बांधाच्या भांडणात डोके फुटलेली माणसे मी न्यायालयाच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षे पाहिली आहेत; तारखा संपत आल्या तेव्हा त्यांच्यातल्या काहींना मूळ बांध कोणता हेही नीट सांगता येत नसे.

आता कागदाविषयी, कारण मुख्य मुद्दा तोच आहे. परवानगीचा कागद लांबलचक असण्याची गरज नाही. कोणत्या गटातून, कोणत्या बांधाच्या कडेने, किती रुंदीची वाट आहे. ती पायी जाण्यासाठी, बैलगाडीसाठी, की ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉलीसाठीही आहे. पावसाळ्यात ओल असताना जड वाहन न्यायचे की नाही. पिकाचे नुकसान झाले तर ते कोणी भरायचे. ही वाट मालकाच्या मर्जीने दिली असून हक्क म्हणून दिलेली नाही. आणि ती बंद करायची झाल्यास किती दिवस आधी, कोणत्या हंगामात कळवायचे, एवढे आले की पुरे. त्याखाली दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात, प्रत्येकाजवळ एक प्रत असावी, आणि मुद्रांक किती लागेल हे तालुक्याच्या ठिकाणी वकिलांना विचारून घ्यावे. परवानगी तोंडीही चालते हे खरे, पण दोन माणसांतला शब्द त्यांच्याबरोबर जातो आणि मागे राहिलेली मुले वेगवेगळ्या आठवणी घेऊन भांडतात. माझ्या आणि शेजाऱ्याच्या बाबतीत हेच झाले.

आपल्या दैनिकामार्फत माझी दोन्ही जिल्ह्यांच्या महसूल प्रशासनाला विनंती आहे की, अशा परवानगीपत्राचा सोप्या मराठीतला एक नमुना तयार करून तो प्रत्येक चावडीवर आणि ग्रामपंचायतीत लावावा, आणि ग्रामसभेत तलाठ्यांनी तो एकदा वाचून समजावून सांगावा. याला वेगळा निधी लागत नाही. हंगाम सुरू होण्याआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास हे झाले तर फड पेटण्याच्या आणि वाटा अडण्याच्या दिवसांत पुष्कळ मनस्ताप वाचेल. आपणही हंगामाच्या तोंडावर असा नमुना छापावा, असे मला वाटते.

आमच्या वाटेचे पुढे काय झाले तेही सांगतो. तोडणी झाल्यावर मी शेजाऱ्याला घरी बोलावले, सुविधाधिकार कायद्याचे पुस्तक उघडून कलम १५ चे स्पष्टीकरण त्याच्या मुलाकडून वाचून घेतले आणि वर सांगितल्याप्रमाणे कागद लिहिला. त्याने तो तीन वेळा वाचला, "मर्जीने" या शब्दावर बोट ठेवून त्याचा अर्थ दोनदा विचारला आणि मग सही केली. चर त्याने स्वतःच बुजवली. सही करून झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "अण्णा, मग आमच्या पाईपलाईनचंबी लिवूया का?" कृष्णेवरून त्याच्या रानात येणारी पाईपलाईन माझ्या जमिनीखालून गेलेली आहे, ती माझ्या वडिलांच्या शब्दावर टाकलेली होती आणि तिचाही कागद नव्हता. मी त्याला सांगितले की, परवानगीवर विसंबून एखाद्याने खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल तर त्याच कायद्याच्या कलम ६० प्रमाणे ती परवानगी सहजासहजी परत घेता येत नाही, त्यामुळे त्याची बाजू वाटेच्या मानाने भक्कमच आहे. तरीही आम्ही त्याच बैठकीत दुसरा कागद लिहिला: पाईप कोणत्या रेषेत आहे, गळती झाली तर उकरायला कधी यायचे, उकरलेली जागा कोणी बुजवायची. साक्षीला त्याची आई आणि माझी पत्नी होत्या. दोन्ही कागदांच्या प्रती आता दोन्ही घरांत सातबाराच्या उताऱ्यासोबत ठेवलेल्या आहेत.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त बेलीफ
तालुका पलूस, जिल्हा सांगली